कोसळलेल्या डोंगरातलं गाव: रोकफोरच्या गुहा आणि चीज कसं चालतं?

फ्रान्समधली सुंदर खेडी म्हणून जी चित्रं आपण पाहतो, त्यांत रोकफोर-स्युर-सुलझों बसत नाही. दक्षिणेकडच्या आवेरों जिल्ह्यात, मियो शहरापासून जवळ, एका कड्याच्या पायथ्याशी चिकटलेलं हे गाव आहे. वस्ती जेमतेम पाच-सहाशे. एक मुख्य रस्ता, त्याच्या कडेला उंच, राखाडी, खिडक्या फार नसलेल्या इमारती. त्यांतल्या बऱ्याच इमारतींत कुणीही राहत नाही. दारातून आत गेलं की जिना वर जायच्या ऐवजी खाली जातो, आणि चार-पाच मजले उतरलं तरी थंड, ओल्या दगडाचा वास संपत नाही. या गावाचा वारसा जमिनीखाली आहे, आणि तो आजही रोज कामाला जुंपलेला आहे.

रोकफोर हे निळसर-हिरव्या बुरशीच्या शिरा असलेलं, मेंढीच्या दुधाचं चीज. कायदा सांगतो की या नावाने विकायचं असेल तर ते याच गावात, कोंबालू नावाच्या डोंगराच्या पडझडीच्या पट्ट्यातच पिकवावं लागतं. हा पट्टा सुमारे दोन किलोमीटर लांब आणि तीनशे मीटर रुंद आहे. पलीकडच्या टेकडीवर तेच दूध, तीच बुरशी, तेच कारागीर नेले तरी नाव मिळत नाही. हा हट्ट कशासाठी, हे कळायला आधी दरड समजून घ्यावी लागते.

दरड आणि वारा

या भागात वर चुनखडकाची जाड पठारं आहेत. त्यांना तिथे 'कोस' म्हणतात. चुनखडकाखाली मार्ल, म्हणजे चिकणमाती मिसळलेला मऊ खडक. चुनखडकातून पाणी झिरपतं, मार्लमधून झिरपत नाही. त्यामुळे दोन्हींच्या सांध्यावर पाणी साचतं, खालचा थर निसरडा होतो आणि वरचा जड खडक घसरायला लागतो. प्रागैतिहासिक काळात कोंबालूच्या उत्तर बाजूचा कडा असाच तुटून घसरला. तो चुरा होऊन पसरला नाही. मोठमोठे ठोकळे एकमेकांवर कलंडून अडकले आणि त्यांच्यामध्ये भेगा, पोकळ्या, उभ्या चिरा उरल्या.

या चिरांना स्थानिक लोक 'फ्लेरीन' म्हणतात. डोंगराच्या वरच्या भागापासून खालच्या गुहांपर्यंत त्या पोचतात, म्हणजे डोंगरात हवेच्या उभ्या नळ्याच तयार झाल्या आहेत. बाहेर उन्हाळा असो की हिवाळा, आतल्या दगडाचं तापमान फारसं हलत नाही. उन्हाळ्यात बाहेरच्या हवेपेक्षा आतली हवा गार आणि म्हणून जड असते. ती खाली उतरते आणि गुहांत येते. हिवाळ्यात उलट होतं. आतली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार असल्याने वर चढते. दोन्ही वेळा हवा ओल्या दगडांना घासून जाते. त्यामुळे ती दगडाच्या तापमानाला येते आणि ओलावा घेते. परिणाम असा की गुहांत वर्षभर साधारण ८ ते १२ अंश तापमान आणि ९५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता राहते.

यात हवा वाहती असणं महत्त्वाचं. गार आणि दमट तळघर कुठेही खोदता येतं. पण बंद तळघरात हवा कोंडते, पाण्याचे थेंब चीजवर जमतात, नको त्या बुरशा वाढतात. इथे हवा बदलत राहते, तीही इतकी सावकाश की चीज सुकत नाही. तरीही सगळं निसर्गावर सोडून चालत नाही. फ्लेरीनच्या तोंडाशी झडपा असतात. फार कोरडा किंवा गोठवणारा वारा असला की गुहाप्रमुख त्या ओढून घेतो, हवा साचली की उघडतो. इमारती बांधतानाही गवंड्यांनी चिरा बुजवल्या नाहीत. भिंती आणि कमानी त्यांना वळसा घालून बांधल्या. या गुहांच्या स्थापत्यातला हा सगळ्यात शहाणपणाचा भाग आहे, आणि टूरवर आलेला पाहुणा नेमका त्याच्या पुढून निघून जातो.

दुधापासून ढेपेपर्यंत

दूध लाकोन जातीच्या मेंढ्यांचंच हवं. ते कच्चं, म्हणजे न तापवलेलं, आणि साय न काढलेलं असतं. मेंढीच्या दुधात स्निग्धांश गायीच्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट, प्रथिनंही जास्त. गवतातलं पिवळं रंगद्रव्य या दुधात उतरत नाही, म्हणून चीज हस्तिदंती पांढरं दिसतं. एक किलो चीजला साधारण साडेचार लिटर दूध लागतं. एक ढेप अडीच ते तीन किलोंची, म्हणजे बारा-तेरा लिटर दुधाची. ढेपेचा व्यास १९–२० सेंटिमीटर, उंची साडेआठ ते साडेअकरा. मेंढी काही बारा महिने दूध देत नाही. दुधाचा हंगाम ढोबळमानाने थंडीच्या सुरुवातीपासून पुढच्या उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत. त्यामुळे चीज हंगामात बनतं आणि वर्षभर विकलं जातं. हे कसं जमतं ते पुढे येईल.

शेवटच्या दोहणीनंतर ४८ तासांच्या आत दूध विरजावं लागतं. २८ ते ३४ अंशांना ते कोमट करून त्यात जिवाणूंचं विरजण आणि रेनेट घालतात. रेनेट म्हणजे कोकराच्या पोटातून मिळणारं, दूध साकळवणारं द्रव्य. बुरशीचे बीजाणूही याच टप्प्यावर, किंवा थोडं पुढे, मिसळतात. दोनेक तासांत दूध खरवसासारखं थरथरणारं घट्ट होतं. मग त्याचे एक-दोन सेंटिमीटरचे तुकडे कापतात, हलवतात आणि निवळी काढून टाकतात.

इथली पहिली मोठी चूक म्हणजे घाई. तुकडे फार बारीक केले किंवा फार ढवळले तर ते एकमेकांत घट्ट बसतात आणि चीज आतून सलग होतं. रोकफोरला सलग व्हायचंच नाहीये. तुकड्यांमध्ये पोकळ्या राहायला हव्यात, कारण बुरशी त्या पोकळ्यांच्या भिंतींवर वाढते. म्हणून साचे भरल्यावर वरून दाब देत नाहीत. ढेपा दिवसातून अनेकदा उलटवतात आणि स्वतःच्या वजनाने दोन-तीन दिवस निथळू देतात. विरजणातले काही जिवाणू वायू सोडतात, त्यानेही आतल्या फटी रुंदावतात. दुसरीकडे, निथळणं अपुरं राहिलं तर ढेप मऊ पडते, बाजूने फुगते आणि फळीवर बसकण मारते.

मग मीठ. कोरडं, जाड समुद्री मीठ ढेपेच्या दोन्ही तोंडांना आणि कडेला चोळतात, काही दिवसांनी पुन्हा. ते आत पोचायला कित्येक आठवडे लागतात. तयार चीजमध्ये मिठाचं प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. मीठ नको त्या जंतूंना रोखतं, पण ते बुरशीलाही आवरतं. बाहेरची कड खारट आणि आतला भाग फिका असलेली ढेप मिळाली तर ती लवकर बाहेर काढली आहे असं समजावं.

शेवटी टोचणी. ३२ ते ४० सुयांचा संच ढेपेच्या एका सपाट तोंडातून आरपार घुसवतात. हे काम पूर्वी हाताने होई, एकोणिसाव्या शतकात त्याला यंत्र आलं. सुयांच्या भोकांतून आतला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि हवा आत जाते. पेनिसिलियम रोकफोर्ती ही बुरशी बाकीच्या बुरशांपेक्षा कमी हवेवर भागवते, पण हवेशिवाय तिचंही चालत नाही. कापलेल्या चीजमध्ये वरून खाली सरळ जाणाऱ्या निळ्या रेषा दिसतात, त्या सुयांच्या वाटा. आणि ती टोचून घातलेली बुरशी नसते, हे इथेच सांगून टाकतो. सुया हवेसाठी आहेत, बीजाणू आधीच दुधात पडलेले असतात.

गुहेत काय होतं आणि काय बिघडतं

गुहेत ढेपा ओकच्या फळ्यांवर आडव्या ठेवत नाहीत, कडेवर उभ्या करतात. दोघींमध्ये थोडी जागा. भोकं सपाट तोंडांवर आहेत, तेव्हा ढेप आडवी ठेवली तर खालची भोकं फळीला टेकून बंद होतील. ओकचं लाकूड ओलावा शोषतं आणि सोडतं, म्हणून अजूनही प्लास्टिक इथे आलेलं नाही.

ढेपा गुहेत किमान १४ दिवस उघड्या राहिल्या पाहिजेत. प्रत्यक्षात बऱ्याचदा आणखी आठवडाभर ठेवतात. या काळात बुरशी आतून पसरते. मग ढेपा कथिलाच्या पातळ पत्र्यात घट्ट गुंडाळतात. कथिल हवा तोडतं, बुरशीची वाढ मंदावते. पण तिने आधीच सोडलेली विकरं प्रथिनं आणि चरबी फोडत राहतात. पोत लोण्यासारखा मऊ होतो तो प्रथिनं तुटल्यामुळे, आणि तो ओळखू येणारा तिखट वास येतो चरबीपासून. हा दुसरा टप्पा आणखी गार जागेत, कित्येक आठवडे किंवा महिने चालतो. बनवल्या दिवसापासून एकूण ९० दिवस झाल्याशिवाय चीज विकता येत नाही. थंडी वाढवून हा टप्पा लांबवता येतो, म्हणूनच हंगामी दुधाचं चीज वर्षभर पुरतं.

सगळी कसोटी गुंडाळायचा दिवस ठरवण्यात आहे. लवकर गुंडाळलं तर आत शिरा कमी, मधला भाग पांढरा आणि मुका राहतो. उशीर केला तर बुरशी माजते, चीज कडवट होतं आणि हिरवा रंग राखाडी-तपकिरीकडे झुकतो. बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून गुहाप्रमुख पोकळ सळईने ढेपेतून एक कांडी काढतो, शिरा किती आल्यात ते पाहतो, वास घेतो, आणि कांडीचा बाकीचा भाग परत बसवून तोंड चीजनेच लिंपतो. ते उघडं ठेवलं तर त्या एका भोकाजवळ बुरशी भलतीच फोफावेल.

बुरशीची जुनी बियाणं पावावर तयार होत. गहू आणि राय या धान्यांचे मोठे पाव मुद्दाम कडक भाजायचे, गुहेत दोन-अडीच महिने ठेवायचे, आतला निळा-हिरवा भुगा वाळवून चाळायचा. आजही काही घराणी हे करतात. बाकीच्यांकडे बीजाणू प्रयोगशाळेतून द्रवरूपात येतात. मात्र मूळ वाण याच गुहांमधून वेगळा केलेला असावा, असा नियम आहे. हा नियम वरवर भावनिक वाटतो, पण त्याने एक मोठं काम केलं. जनुकीय अभ्यासांत असं दिसलं की चीजमधल्या या बुरशीचे दोन वेगळे वंश माणसाने पाळीव केले. जगातल्या बहुतेक निळ्या चीजमध्ये वापरला जाणारा वंश लवकर वाढतो, पण त्यातले सगळे वाण जवळजवळ एकमेकांच्या प्रती आहेत. रोकफोरच्या वंशात वैविध्य जास्त उरलं आहे. स्थानिक वाणाची सक्ती नसती तर इथल्या डेअऱ्यांनीही सोयीचा वाण उचलला असता.

(एक मेंढपाळ एका मुलीच्या मागे धावला, पाव आणि चीज गुहेत विसरला आणि रोकफोर जन्मलं, ही गोष्ट प्रत्येक दुकानात ऐकवली जाते. गोष्ट म्हणून छान आहे.)

कोणाच्या हातांवर चाललं

गुहांत राबणाऱ्या बायकांना काबानिएर म्हणत. ढेपा खरवडणं, उलटणं, वाहणं, पुढे कथिलात गुंडाळणं ही सगळी त्यांची कामं. आठ-दहा अंशांत, ओल्या जमिनीवर, जाड लोकरीत गुंडाळून तासन्‌तास. आसपासच्या खेड्यांतून आलेल्या मुली हंगामभर गावातच राहत. १९०७ साली त्यांनी मजुरी आणि कामाच्या अटींसाठी संप केला. गावाच्या जाहिरातींत त्या हसऱ्या दिसतात. वारशाच्या हिशेबात संपही धरायला हवा.

नावाचं राखण

गावाला कागदी संरक्षण फार जुनं आहे. १४११ मध्ये राजा सहावा शार्ल याने रोकफोरच्या रहिवाशांना चीज पिकवण्याचा विशेषाधिकार दिला. १६६६ मध्ये तुलूझच्या न्यायपीठाने बनावट रोकफोर विकणाऱ्यांवर दंडाचा निर्णय दिला. २६ जुलै १९२५ च्या कायद्याने मूळस्थान-नामाची कायदेशीर मान्यता मिळाली, ती मिळवणारं हे फ्रान्समधलं पहिलं चीज. १९३० मध्ये शेतकरी आणि गुहावाले एका महासंघात आले आणि लाल मेंढीचा शिक्का सुरू झाला. १९६१ मध्ये मियोच्या न्यायालयाने स्पष्ट केलं की पद्धत दुसरीकडे वापरता येईल, पण रोकफोर हे नाव कोंबालूच्या गुहांत पिकलेल्यालाच. १९९६ पासून युरोपीय संघाचंही संरक्षण आहे. आपल्याकडे हापूसला २०१८ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन याच जातकुळीतलं.

फरक तपशिलात आहे. रोकफोरच्या नियमावलीत मेंढीची जात, चाऱ्याचा मोठा हिस्सा त्याच प्रदेशातला असणं, गवत असेल तेव्हा रोज चरायला सोडणं, रेनेट घालण्याची मुदत, गुहेतले दिवस, इतकंच नव्हे तर कापणं आणि पाकिटात भरणंही गावातच होणं, इथपर्यंत सगळं लिहिलेलं आहे. नुसतं नाव नोंदवून भागत नाही. प्रत्येक टप्प्यावर तपासायला काहीतरी मोजता येण्यासारखं लागतं. उणं म्हणायचं तर गुहेचे किमान १४ दिवस हे ९० पैकी फारच थोडे आहेत. उरलेला काळ आधुनिक शीतगृहात जाऊ शकतो. माझ्या मते हा आकडा वाढवायला वाव आहे, पण तसं केलं तर गुहांची जागाच पुरणार नाही, हेही खरं.

गुहेच्या वर

गाव समजून घ्यायचं तर वरच्या लार्झाक पठारावर जायलाच हवं, कारण दूध तिथून येतं. चुनखडकावर पाऊस पडला की लगेच आत मुरतो. ओढे नाहीत, विहिरी नाहीत. मेंढ्यांना पाणी कसं पाजायचं? त्यासाठी 'लावोन्य' नावाची गोल, उथळ तळी आहेत. खोलगट जागा शोधायची, तळाला चिकणमाती ठोकून थर द्यायचा आणि वर दगडी फरसबंदी करायची. फरसबंदी शोभेची नाही. ती नसेल तर शेकडो खुरांनी मातीचा थर फुटतो आणि तळं एका हंगामात कोरडं पडतं. उतार हलका ठेवतात, म्हणजे कोकरूही कडेला उभं राहून पिऊ शकतं. ला कुव्हर्त्वारादच्या तटबंदीबाहेरचं लावोन्य पाहण्यासारखं आहे.

मेंढवाडेही तसेच. लाकूड दुर्मीळ, म्हणून छत दगडी कमानींवर, वर पातळ दगडी फरश्या. छपरावरचं पाणी टाक्यात उतरवलेलं. हे सगळं धरून कोस आणि सेव्हेन हा प्रदेश २०११ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, आणि तो गेला शेती-पशुपालनाचा जिवंत भूप्रदेश म्हणून. मेंढ्या हटल्या तर कुरणांत काही वर्षांतच झुडपं आणि पाइन माजतात, आणि ज्याला वारसा म्हटलं तो भूप्रदेशच दिसेनासा होतो.

मेंढ्या हटायची वेळ एकदा आलीही होती. १९७१ मध्ये सरकारने लार्झाकवरचा लष्करी तळ सुमारे ३,००० हेक्टरवरून १७,००० हेक्टरपर्यंत वाढवायचं जाहीर केलं. तिथल्या शेतकऱ्यांपैकी बरेच जण रोकफोरला दूध घालणारे. १९७२ मध्ये १०३ शेतकऱ्यांनी जमीन न विकण्याच्या शपथेवर सह्या केल्या. त्याच सुमारास लांझा देल वास्तो यांनी तिथे पंधरा दिवसांचं उपोषण केलं. हे गृहस्थ १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींकडे राहिले होते, 'शांतिदास' हे नाव त्यांना तिथेच मिळालं. त्यांच्या सांगण्यातून लढ्याने अहिंसेची शिस्त घेतली. १९७२ च्याच ऑक्टोबरमध्ये शेतकऱ्यांनी पॅरिसला आयफेल टॉवरखाली मेंढ्या चरायला सोडल्या. घोषणेनंतर दहा वर्षांनी, १९८१ मध्ये, नवे राष्ट्राध्यक्ष मितेराँ यांनी विस्तार रद्द केला. वर्ध्याचा धागा चीजच्या गुहांपर्यंत पोचतो तो असा.

याच लढ्यातून पुढे आलेले मेंढीपालक झोझे बोव्हे १९९९ मध्ये जगभर गाजले. युरोपने संप्रेरकं दिलेलं गोमांस नाकारलं, अमेरिकेने उत्तरादाखल रोकफोरसह अनेक मालांवर १०० टक्के कर लावला, आणि ऑगस्टमध्ये बोव्हे व सहकाऱ्यांनी मियोतलं बांधकाम चालू असलेलं एक अमेरिकी उपाहारगृह उखडलं.

जाणाऱ्यांसाठी, खाणाऱ्यांसाठी

गावातल्या काही कंपन्यांच्या गुहा पाहता येतात. जुलैच्या उन्हातही स्वेटर न्या, बूट न घसरणारे घाला. हिवाळ्यात किंवा वसंतात गेलात तर फळ्या भरलेल्या दिसतील. उन्हाळ्याच्या शेवटी पुष्कळ गुहा रिकाम्या असतात, आणि ते पाहून अनेक पर्यटक फसवणूक झाल्यासारखं तोंड करतात. फ्लेरीनच्या तोंडाशी हात धरा, झुळूक लागते.

विकत घेताना पाकिटावर लाल मेंढी पाहा. शिरा मध्यापासून कडेपर्यंत सारख्या पसरलेल्या हव्यात, पांढरा भाग पिवळा पडलेला नको, तळाशी पाणी सुटलेलं नको. घरी ते चांदीच्या कागदात घट्ट गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि शेजारी दूध, लोणी उघडं ठेवू नका, वास लागतो. खाण्याआधी तासभर बाहेर काढा. फ्रीजरमध्ये ठेवलं तर भुगा होतो. कापताना टोकदार मधला भाग आणि कड दोन्ही प्रत्येकाच्या वाट्याला येतील असं कापावं, कारण चव मध्यात सगळ्यात तीव्र असते. कोकराचं रेनेट असल्यामुळे शाकाहारींना हे चालणार नाही, आणि कच्च्या दुधाचं असल्यामुळे गरोदर स्त्रियांनी ते टाळावं.